चौथी पायरी

"भाऊजी, यातलं सगळं पुसून टाकायचं असेल तर काय करायचं, तेवढं सांगा," वहिनी फोनवर म्हणाली. दुपारचे तीन वाजले होते. ऑफिसात जेवणानंतरची सुस्ती होती आणि मी एका वाक्यातला 'फक्त' हा शब्द काढावा की ठेवावा याचा विचार करत बसलो होतो. कशातलं सगळं, असं मी विचारलं. "तुम्ही दिलेल्या कंप्युटरमधलं. कोराच परत केलेला बरा. मालकांना सोमवारी सांगून टाकते, मला नाही जमत म्हणून. उगाच त्यांनी वाट कशाला बघायची?" आवाजात रडं नव्हतं, तक्रारही नव्हती. भाजी संपली आहे, येताना घेऊन या, असं सांगावं तशी ती सांगत होती. मग म्हणाली, "भाऊजी, खरं सांगा, छप्पन्नाव्या वर्षी माणूस मठ्ठ होतो का हो?" मी हसलो. हसायला नको होतं. पुसू नकोस, मी संध्याकाळी येतो, म्हणालो आणि फोन ठेवला. समोरच्या पडद्यावर तो 'फक्त' तसाच लुकलुकत होता.

लोक विचारतात तेव्हा माझं काम मला नीट सांगता येत नाही. वेब अ‍ॅप बनवायला एक तयार सांगाडा मिळतो, त्याला फ्रेमवर्क म्हणतात. तो सांगाडा हुशार लोक बनवतात. आणि तो पहिल्यांदाच हातात घेणाऱ्या माणसाने काय करायचं, हे मी लिहितो. पहिली पायरी, दुसरी पायरी, तिसरी पायरी. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, याला 'औषधाच्या बाटलीवरचा कागद लिहिणारा' म्हणतो. त्यात थोडं तथ्य आहे. तो कागद कोणी वाचत नाही, आणि जो वाचतो तो अडचणीत असतो. सांगाड्याची नवी आवृत्ती आली की माझी पानंही नवी करावी लागतात, आणि गेले तीन आठवडे मी तेच करत होतो. 'सोपं आहे', 'सहज', 'फक्त एवढं करा' असले शब्द मी डोळ्यांत तेल घालून शोधतो आणि उपटून टाकतो. ज्याला जमत नाहीये त्याला 'सोपं आहे' असं सांगणं म्हणजे त्याच्या तोंडावर दार लावणं, असं माझं मत आहे. हे मत मी मीटिंगांमध्ये बरंच मिरवलेलं आहे.

वहिनी आमच्या घरी आली तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो आणि ती बावीसची. आई जाऊन दोन वर्षं झाली होती. घरात तीन पुरुष, तिघेही एकमेकांशी कामापुरतं बोलणारे. तिने आल्या दिवसापासून मला 'भाऊजी' म्हणायला आणि अहोजाहो करायला सुरुवात केली. भाऊजी, दूध प्या. भाऊजी, नाक पुसा. मला आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी मोठ्या माणसासारखं वागवत होतं, आणि तेही नाक पुसायला सांगताना. मी मात्र तिला पहिल्या दिवसापासून अगंतुगं केलं, आणि ते कोणाला खटकलं नाही. पहिल्याच हिवाळ्यात तिने बाबांचा लोकरी कोट गरम पाण्यात बुडवला. तो आटून इतका लहान झाला की दोरीवर कोणा मुलाचा वाटत होता. ती बाथरूमच्या दारात त्याच्याकडे बघत उभी राहिली, चेहऱ्यावर रंग नाही. बाबा आले तेव्हा मी म्हणालो, मी बुडवला. का म्हणालो, आजही सांगता येणार नाही. बाबा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. वहिनीही त्याबद्दल कधीच काही बोलली नाही, पण तिने बाह्या उसवून पुन्हा शिवल्या आणि पुढचे दोन हिवाळे मी तोच कोट घालून शाळेत गेलो.

ती दातांच्या लॅबमध्ये लागली तेव्हा मी कॉलेजात होतो. दंतवैद्य तोंडाचा ठसा घेऊन पाठवतात, त्यावरून लॅबमध्ये कवळ्या बनतात. प्लॅस्टरचा साचा, त्यावर मेण, मेणात एकेक दात बसवायचा. सव्वीस वर्षं तिने दात बसवले. सुरुवातीला ती सरावासाठी मेणाचे तुकडे घरी आणायची आणि माझ्यापुढे दोन दात ठेवून विचारायची, यातला उंच कुठला? मला दोन्ही सारखेच दिसायचे. ती म्हणायची, नीट बघा, केसाच्या अर्ध्या जाडीचा फरक आहे, चावताना एवढ्यानेही डोकं दुखतं माणसाचं. एखादी कवळी परत यायची, सोबत वैद्याची चिठ्ठी असायची की पेशंट सवय करून घेत नाही. वहिनी चिठ्ठी बाजूला ठेवायची आणि कवळी घासायला घ्यायची. "तोंड आधीचं आहे, कवळी नंतरची. मग बदलायचं कोणी?" हे वाक्य मी चोरलं. गेल्या वर्षी आमच्या कंपनीच्या संमेलनात मी व्यासपीठावरून म्हणालो, वाचणारा आधीचा आहे, पान नंतरचं, मग बदलायचं कोणी? टाळ्या पडल्या. हे कोणाचं आहे ते मी सांगितलं नाही, आणि वहिनीलाही कधी सांगितलं नाही.

आता लॅबमध्ये दात कोरणारं यंत्र आलं होतं. मालक भला माणूस, त्याने कोणाला घालवलं नाही. म्हणाला, ऑर्डरी आता वेब अ‍ॅपवर येणार, ते अ‍ॅप समजून सांभाळणारं माणूस मला आपल्यातलंच हवं, ज्याला दात कळतात असं. सहा आठवड्यांचा वर्ग सुरू केला. चौघेजण बसले, तिघे तिशीच्या आतले, चौथी वहिनी. वर्गातल्या शिक्षकाने पहिल्याच दिवशी सांगितलं, अमुक फ्रेमवर्कचं नवशिक्यांसाठीचं पान उघडा आणि घरी एकेक पायरी करून या. ते पान माझं होतं. वहिनीने मला त्याच दिवशी फोन केला होता. "अहो, तुमचंच पुस्तक लागलंय आम्हाला," म्हणाली. इतकी खूश होती की मला लाजल्यासारखं झालं. मी माझा जुना लॅपटॉप नेऊन दिला. काही अडलं तर विचार, म्हणालो. तिने आजपर्यंत काहीच विचारलं नव्हतं. मी समजलो, सुरळीत चाललं आहे.

संध्याकाळी लिफ्टमध्ये उभा असताना मी मनातल्या मनात उत्तरांची जुळवाजुळव करत होतो. वय हा मुद्दा नाही. शिकायला वेळ लागतो. सगळेच अडतात. ही सगळी वाक्यं मी दुसऱ्या कोणाच्या पानावर दिसली असती तर खोडली असती. दार दादाने उघडलं. तो बस डेपोत वेळापत्रकं आखायचा. निवृत्त होऊन वर्ष झालं तरी घरातल्या माणसांच्या येण्याजाण्याच्या वेळा त्याला पाठ असतात. "सहा वाजून दहा मिनिटं. उशीर," तो म्हणाला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "तुझी वहिनी दोन आठवडे त्या डब्यापुढे बसते आणि उठते तेव्हा तोंड एवढंसं झालेलं असतं. मी काही विचारलं की म्हणते, तुम्हाला नाही कळायचं. तुला तरी कळतंय का बघ." तो थट्टेच्या सुरात बोलला, पण माझ्या खांद्यावर ठेवलेला हात त्याने जरा जास्तच वेळ तिथे ठेवला.

वहिनी आतल्या खोलीत टेबलाशी बसली होती. शेजारी वही, वहीवर पेन्सिल, डोळ्यांवर लॅबमधला जाड भिंगांचा चष्मा. मी खुर्ची ओढून बाजूला बसलो. आमच्या कामात एक पद्धत आहे. नवशिक्याला पान देऊन त्याच्या बाजूला बसायचं, आपले दोन्ही हात मांडीखाली दाबून ठेवायचे आणि तोंड मिटून बघत राहायचं. तो कुठे थांबतो, कुठे मागे जातो, कुठे सुस्कारा टाकतो, ते बघायचं. हे ऐकायला वाटतं तेवढं सोपं नाही. पोटच्या पोराला पहिल्यांदा सायकलवर सोडून देण्याइतकं अवघड आहे. मी म्हणालो, वहिनी, मला पहिल्यापासून करून दाखव, मी मध्ये बोलणार नाही. ती म्हणाली, "आता दहावी वेळ. करते." आणि तिने वहीत पेन्सिलीने एक उभी रेघ ओढली. आधीच्या नऊ रेघा तिथे होत्या.

पहिली पायरी. तिने वाक्य ओठांत पुटपुटत वाचलं, शब्दाखाली बोट धरलं, कंप्युटरला आज्ञा द्यायच्या काळ्या खिडकीत ते अक्षर न् अक्षर उतरवलं, पुन्हा ताडून पाहिलं आणि मगच कळ दाबली. दुसरी. तिसरी. एवढ्या नीटसपणे माझं पान कोणी वापरल्याचं मी कधी पाहिलं नव्हतं. आमची चाचणी घेणारी मुलगीसुद्धा वाक्यं उडवत जाते. इथे माझा स्वल्पविराम देखील वाया जात नव्हता. मला अभिमान वाटायला लागला होता, हे कबूल करतो. तिचा थोडा आणि माझ्या पानांचा जास्त. मग चौथी पायरी आली. चौथ्या पायरीत ब्राउझर उघडायचा आणि तुमचं अ‍ॅप सुरू झालं की नाही ते बघायचं. ब्राउझर उघडला. पांढरं कोरं पान, मधोमध बारीक करड्या अक्षरांत एक ओळ: 'अ‍ॅप चालू आहे.' वहिनीने चष्मा काढला आणि हात मांडीवर ठेवले. "बघा. हे असं येतं. नऊच्या नऊ वेळा असंच आलं. तुमच्याकडे होडी आहे."

माझ्या पानावर होडी होती. निळी होडी, खाली लाटा, वर ठसठशीत अक्षरांत 'अभिनंदन!' आणि चित्राखाली माझं वाक्य: तुम्हाला असं पान दिसलं, की सगळं बरोबर झालं. हे जुन्या आवृत्तीचं स्वागताचं पान होतं. नव्या आवृत्तीत त्या हुशार लोकांनी होडी काढून टाकली, कारण ती उघडायला क्षणभर वेळ घ्यायची. ते मला माहीत होतं. पाच महिन्यांपासून माहीत होतं. वर्गातल्या त्या तिघांनाही होडी दिसली नसणार. त्यांनी खांदे उडवले असतील आणि पाचव्या पायरीवर गेले असतील. वहिनीने खांदे उडवले नाहीत. सव्वीस वर्षं जिने साचा आणि दात यांच्यातला केसाच्या अर्ध्या जाडीचा फरक चालवून घेतला नाही, ती होडी नसलेलं पान चालवून कसं घेणार? तिने सगळं पुसलं आणि पुन्हा पहिल्यापासून केलं. मग पुन्हा. दर वेळी तिचं बरोबरच होतं, आणि दर वेळी माझं पान तिला सांगत होतं की चुकलं. मांडीखालचे हात मी बाहेर काढले, पण त्यांचं काय करायचं ते सुचेना.

"वहिनी, हे बरोबर आहे," मी म्हणालो. "तुझं पहिल्या वेळीच बरोबर होतं. होडी आता येतच नाही. चित्र जुनं आहे. चूक माझी आहे." तिच्या चेहऱ्यावर हळूहळू मायेचं हसू आलं. त्या हसण्याने मी हादरलो, कारण तो आटलेला कोट मला चढवताना ती अशीच हसायची. "भाऊजी," ती म्हणाली, "तुम्ही अकरा वर्षांचे होतात तेव्हा ठीक होतं. आता पंचेचाळीस झालात. दर वेळी माझ्यापुढे ढाल धरून कशाला उभे राहता?" मी म्हणालो, अगं खरंच. "तुमचं लिहिलेलं आहे, चुकेल कसं? मी तर म्हणूनच विचारलं नाही. दुसऱ्या कोणाचं असतं तर पहिल्या दिवशीच म्हणाले असते की यात काहीतरी गडबड आहे. तुमचं आहे म्हटल्यावर गडबड माझ्यातच असणार, नाही का?" हे ती समजुतीच्या स्वरात सांगत होती. उलट मलाच धीर देत होती. आणि मी आयुष्यात एकदा, न मागता, न सांगता जे खोटं बोललो होतो, आणि ज्याबद्दल मला आजवर स्वतःचं कौतुक होतं, ते आता माझ्या खऱ्याच्या वाटेत आडवं पडलं होतं. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो असा.

मी माझा लॅपटॉप काढला. आमच्याकडे चुकांची यादी असते. कोणी, कधी, काय लक्षात आणून दिलं, सगळं तारखेनिशी. मी एकेचाळिसावी नोंद उघडली आणि लॅपटॉप तिच्याकडे वळवला. वळवताना मला भीती वाटत होती. ऑफिसातल्या मुख्यांपुढे वाटली नसती, पण तिच्यापुढे वाटली. तिने चष्मा पुन्हा लावला, बोट धरलं आणि मघासारखंच पुटपुटत वाचलं. 'चौथ्या पायरीतलं चित्र जुनं झालं आहे. नवं घालणे. किरकोळ.' खाली माझं नाव आणि पाच महिन्यांपूर्वीची तारीख. तिने तारीख वाचली. नाव वाचलं. मग बोट परत त्या एका शब्दावर आणलं.

"किरकोळ?" ती म्हणाली.

मी चौतीस वर्षांत वहिनीला माझ्यावर रागावलेलं पाहिलं नव्हतं. परीक्षेत नापास झालो तेव्हा नाही, लग्न मोडलं तेव्हा नाही, बाबांच्या शेवटच्या आजारात मी चार दिवस उशिरा आलो तेव्हाही नाही. आता ती रागावली. आवाज चढला नाही. ती खुर्चीत जरा मागे सरकली, एवढंच, आणि आमच्या दोघांत एका वीतभर जागेचं अंतर पडलं. "नऊ वेळा पुसलं मी, भाऊजी. नऊ वेळा. लॅबमध्येही लक्ष लागत नव्हतं माझं. परवा एक दात वाकडा बसवला मी. म्हटलं, आता हेही जायला लागलं." खरं सांगायचं तर त्या क्षणी मला लाजेच्या खाली कुठेतरी फार बरंही वाटत होतं. तिने माझ्यावर विश्वास ठेवला होता. रागावण्याइतका विश्वास ठेवला होता. दारात दादा चहाचे पेले घेऊन उभा होता, त्याने किती ऐकलं कोण जाणे. "आपलेच दात आणि आपलेच ओठ," तो म्हणाला आणि पेले ठेवून निघून गेला. वहिनीला हसू आलं असतं एरवी. आलं नाही.

ती पांढऱ्या पानावरच्या त्या ओळीकडे वळली. अ‍ॅप चालू आहे. मग म्हणाली, "आणि बाकीचे?" मी विचारलं, कोण बाकीचे? "माझ्यासारखे. होडी दिसली नाही म्हणून जे पुसून उठून गेले. मला निदान तुम्हाला फोन करता आला. त्यांनी कोणाला केला असेल?" मला मोजून सांगता आलं नसतं. पान रोज शेकडो लोक उघडतात. चौथ्या पायरीपाशी किती जण थांबतात याचे आकडे आमच्याकडे येतात, आणि थांबणारे गेल्या काही महिन्यांत वाढले होते हेही मी पाहिलं होतं. नवशिके कंटाळतात लवकर, असं मीटिंगमध्ये मीच म्हणालो होतो. पेशंट सवय करून घेत नाही. मी ते तिला सांगितलं, अगदी याच शब्दांत, आणि संमेलनातल्या टाळ्यांचंही सांगितलं, तिचं वाक्य घेऊन मी काय केलं तेही. एकदा सांगायला बसलोच आहे तर सगळंच. तिने ऐकून घेतलं. "वाक्य घेतलंत ते चांगलं केलंत," ती म्हणाली. "वापरायला हवं होतं."

ते चित्र आम्ही तिथेच बदललं. तिच्याच पडद्याचं चित्र काढलं आणि होडीच्या जागी लावलं. वर पट्टीत तिने आपल्या अ‍ॅपला दिलेलं नाव दिसत होतं: 'कवळी'. नियमाप्रमाणे तिथे 'माझं-अ‍ॅप' असायला हवं. मी ते बदलायला गेलो नाही. चित्राखालचं वाक्यही बदलायचं होतं. मी दोनदा लिहिलं, दोन्ही वेळा ते माझ्या नेहमीच्या गुळगुळीत वाक्यांसारखं झालं. वहिनी म्हणाली, सरका. एकेका बोटाने, अक्षरं शोधत, तिने लिहिलं: 'तुमच्याकडे यापेक्षा वेगळं दिसलं तर काही पुसू नका. आमचं चित्र जुनं झालं असेल. आम्हाला कळवा.' पुढे काही घालायचं का, असं तिने नजरेनेच विचारलं. मी नको म्हणालो. एकही 'फक्त' नव्हता. बदल पाठवताना 'चूक कोणाच्या लक्षात आली' या रकान्यात मी तिचं नाव लिहिलं. तिने ते वाचलं, स्पेलिंग तपासलं आणि मान डोलावली. पाच मिनिटांत आमच्या मुख्यांचा निरोप आला. 'एकेचाळीस पाच महिने किरकोळ होती, आज संध्याकाळी तातडीची कशी झाली? आणि हे कवळी काय आहे? असो. मंजूर.' तो मी तिला वाचून दाखवला. "बाई आहे की बुवा?" तिने विचारलं. बाई, मी म्हणालो. "वाटलंच."

मी सोमवारचा विषय काढला. काढायचा धीर होत नव्हता, पण त्यासाठीच तर आलो होतो. ती हातात पेन्सिल धरून वहीतल्या दहा रेघांकडे बघत होती. "हो म्हणेन असं नाही," ती म्हणाली, "अजून कशात काही नाही. पण नाही म्हणायला आता कारण नाही माझ्याजवळ." मग तिने पान खाली सरकवलं, पाचव्या पायरीवर आणलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुम्ही बाहेर बसा. बाजूला बसलात की मला वाटतं तुम्ही मनात बोलताय."

मी बाहेर येऊन दादाशेजारी बसलो. चहा गार झाला होता. दादाने टीव्हीचा आवाज कमी केला आणि आम्ही दोघेही, बातम्या बघतोय असं दाखवत, आतल्या कळांचा आवाज ऐकत राहिलो. टक. टक. मग बराच वेळ काहीच नाही. अशा शांततेत नवशिका काय करत असतो ते मला माहीत आहे. तो आपल्यात काय कमी आहे ते शोधत असतो. मी उठायला लागलो, तर दादाने माझं मनगट धरून खाली बसवलं. पुन्हा टक टक. पुन्हा थांबली. आणि मग आतून तिची हाक आली, पहिल्या वर्षी स्वयंपाकघरातून यायची तशी, मोकळी, घरभर जाणारी.

"भाऊजी, सहाव्या पायरीत तुमचं काहीतरी चुकलंय."

सहावी पायरी मी गेल्याच आठवड्यात तपासली होती. ती बरोबर आहे याबद्दल मला काडीचीही शंका नव्हती. "आलो," मी म्हणालो, आणि काय चुकलंय ते बघायला आत गेलो.